न खेळणाऱ्यांची जुगारनगरी

गेल्या नाताळात कॅलिफोर्नियातील भाच्याचा फोन आला. "मामा, मे महिन्यात तुम्ही आणि मामी इकडे याच. तिकिटांचं मी बघतो. आल्यावर तीन दिवस लास व्हेगासला जाऊ." फोनचा स्पीकर चालू असल्याने ते नाव घरातल्या सर्वांनी एकदमच ऐकले. माझ्या थोरल्या बंधूंनी हातातला कप खाली ठेवला. सौ. म्हणाली, "त्या जुगाराच्या गावात आपलं काय काम, बाबा?" पलीकडून भाचा हसला. "मामी, आपल्याला कुठे खेळायचंय? नुसतं बघायचं. फार तर दहा-वीस डॉलर, गंमत म्हणून."

त्या दिवशी विषय तिथेच राहिला. सहलीचा आराखडा तयार करण्याचे काम मात्र, निवृत्त शिक्षकाला दुसरा उद्योग तो काय, या न्यायाने माझ्याकडे आले. चार महिने मी नकाशे, हॉटेलांची भाडी, बसचे मार्ग आणि त्या शहराचा इतिहास यांत रमलो. आराखडा जसजसा पक्का होत गेला, तसतसे भाच्याचे ते सहज उद्गारलेले वाक्य मला अस्वस्थ करू लागले. आपल्याला खेळायचे नाही, म्हणजे आपण त्या गावच्या पापपुण्याच्या हिशेबातून सुटलो काय? वाचकहो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी कुटुंबांची मुले आज परदेशी स्थिरावली आहेत. असे निमंत्रण उद्या आपल्याही दारी येईल. पणजीला मांडवीच्या पात्रात उभी असलेली कॅसिनोची जहाजे तर याहूनही जवळ आहेत.

प्रथम त्या गावाविषयी थोडेसे. 'लास व्हेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ कुरणे. वाळवंटात झऱ्यांच्या पाण्यावर वाढलेल्या गवतामुळे हे नाव पडले. १९०५ साली रेल्वे कंपनीने जमिनीचा लिलाव करून तिथे गाव वसवले. १९३१ च्या मार्च महिन्यात नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. धरणावरच्या मजुरांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने बोल्डर सिटी नावाचे स्वतंत्र गाव बांधले आणि तिथे जुगाराला सक्त बंदी केली. पगाराच्या दिवशी मजूर लास व्हेगासची वाट धरीत, तो भाग वेगळा. नवलाची गोष्ट अशी, की बोल्डर सिटीत आजही जुगाराला परवानगी नाही. एकाच वाळवंटात, एकाच वर्षाच्या दोन निर्णयांतून दोन गावे घडली. एकाचे नाव जगाला ठाऊक झाले. दुसऱ्याच्या रस्त्याने लोक धरण पाहायला जातात.

आणखी एक गंमत. चित्रांतून दिसणारी ती झगमगती सडक, जिला तिथे 'स्ट्रिप' म्हणतात, ती बहुतांशी लास व्हेगास शहराच्या हद्दीत नाहीच. शहराचे कर चुकावेत म्हणून १९५० साली तो भाग वेगळा ठेवण्यात आला आणि त्याला नाव दिले गेले 'पॅराडाइज', म्हणजे नंदनवन. नामकरण करणाऱ्यांना विनोदबुद्धी होती की नव्हती, हे मला ठरवता आलेले नाही.

आमच्या बंधूंचे मत पहिल्यापासून स्वच्छ होते. जुगार तो जुगार. वीस डॉलरचा काय आणि वीस लाखांचा काय. त्यावर मी त्यांना धर्मग्रामाच्या सणाची आठवण करून दिली. दरवर्षी सणाच्या संध्याकाळी पटांगणावर हाऊजी रंगते. बंधू पहिल्या रांगेतली खुर्ची धरून पाच-पाच तिकिटे समोर मांडून बसतात आणि एकाच आकड्यासाठी अडले, की त्यांच्या तोंडून जे शब्द निघतात ते या पानांवर छापण्याजोगे नसतात. सभागृहाच्या बांधकामासाठी काढलेल्या रॅफलची पुस्तके त्यांनीच घरोघर फिरून खपवली होती. "ते देवाच्या कार्यासाठी," बंधू म्हणाले. म्हणजे प्रश्न खेळाचा नव्हता, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा होता. बंधूंनी हे मान्य केले नाही, परंतु उत्तरही दिले नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत पुष्कळांना वाटते तितकी कडक नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील २४१३ व्या परिच्छेदात या विषयाचा निवाडा आहे. नशिबाचे खेळ किंवा पैजा या मुळातच न्यायाविरुद्ध आहेत असे तो म्हणत नाही. स्वतःच्या अथवा आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजा भागवण्यासाठी लागणारा पैसा त्यात जाऊ लागला, की ते नैतिकदृष्ट्या अयोग्य ठरतात आणि खेळण्याची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा त्याचा इशारा आहे. पवित्र शास्त्रातही चिठ्ठ्या टाकण्याचे दोन प्रसंग आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. एकदा क्रुसाखाली बसलेले शिपाई प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात, आणि दुसऱ्यांदा यहूदाच्या रिकाम्या जागी बाराव्या प्रेषिताची निवड करताना खुद्द शिष्यच चिठ्ठ्या टाकतात व ती मत्तियाच्या नावाने निघते. क्रिया तीच. एका ठिकाणी ती नागव्या केलेल्या माणसाच्या वस्त्रावर चालली होती. दुसऱ्या ठिकाणी प्रार्थनेनंतर.

संतांच्या मालिकेतही एक पक्का जुगारी आहे. आजाऱ्यांचे आश्रयदाते संत कमिल्लस द लेलिस हे तरुणपणी भाडोत्री शिपाई होते आणि फाशांच्या नादात १५७४ साली नेपल्समध्ये त्यांनी होते नव्हते ते सारे गमावले. अंगातला सदराही गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोटासाठी ते कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरीला लागले आणि तिथेच त्यांचे जीवन पालटले. पुढे रुग्णसेवेसाठी त्यांनी जो संघ स्थापला, तो आजही जगभर कार्यरत आहे. बंधूंना ही कथा सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सदरा गेल्यावर शहाणपण आलेल्यांचे चरित्र लिहिले जाते. न आलेल्यांचे कोण लिहितो?" या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते, आणि पुढे त्या गावात फिरताना तो मला वारंवार आठवला.

वीस डॉलर म्हणजे तेव्हाचे आपले सुमारे पावणेदोन हजार रुपये. माझ्या निवृत्तिवेतनातून एवढे गेल्याने कोणाच्या तोंडचा घास जाणार नव्हता. तेव्हा ग्रंथाच्या कसोटीवर भाच्याची गंमत उतरत होती. तरीही गणिताच्या मास्तराने गणित मांडल्यावाचून पुढे जाऊ नये. रूले नावाच्या खेळात एका चाकावर गोळी फिरते. अमेरिकन चाकाला ३८ खाने असतात: १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. समजा, कोणी प्रत्येक खान्यावर एकेक डॉलर असे ३८ डॉलर लावले. कोणता तरी एक खाना लागणारच. त्याचे ३५ डॉलर मिळतात आणि लावलेला एक परत येतो. एकूण ३६. दोन डॉलर टेबलाचे झाले. ना फसवणूक, ना हातचलाखी. शेकडा सव्वापाचाहून थोडे अधिक. युरोपातील चाकावर एकच शून्य असते, त्यामुळे तिथे हा वाटा शेकडा २.७ इतकाच पडतो. उलट स्ट्रिपवरच्या काही टेबलांवर आता तीन शून्यांचे चाक ठेवतात आणि तिथे तो ७.६९ होतो. यंत्रांच्या बाबतीत नेवाडाचा नियम असा, की लावलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के परत जातील अशीच त्यांची रचना असली पाहिजे. यंत्र शंभरातले आठ ठेवते असे धरा आणि एक डॉलरचे बटण तासाभरात पाचशे वेळा दाबा. चाळीस डॉलर गेले. एवढ्या पैशांत एक बऱ्यापैकी जेवण होते.

या हिशेबाने सौ.चा निम्मा विरोध मावळला. तिला ते तिकीट काढून जत्रेतल्या पाळण्यात बसण्यासारखे वाटले. प्रत्येकी वीस डॉलर वेगळ्या पाकिटात घालायचे, बँकेचे कार्ड खोलीतच ठेवायचे, पाकीट संपले की खेळ संपला, असे आम्ही वसईच्या आमच्या ओटीवर बसून ठरवले. हे मी मुद्दाम नमूद करतो. तिथल्या इमारती प्रत्यक्ष पाहिल्यावर मला उमगले, की हा निर्णय घरी बसून घेण्यातच त्याचे सारे बळ होते.

त्या प्रचंड दालनांना बहुधा खिडक्या नसतात आणि भिंतीवर घड्याळ शोधून सापडत नाही. बाहेर दुपार आहे की मध्यरात्र, हे आत कळू नये अशीच व्यवस्था. खोलीकडे जायचे, जेवायला जायचे, नाटक पाहायला जायचे, वाट यंत्रांच्या रांगांमधूनच जाते. नोटेच्या जागी रंगीत चकती हातात येते आणि तिला पैशाचे वजन राहत नाही. पूर्वी जिंकलेली नाणी खळखळत पडत. आता यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघते. खेळणाऱ्याला पेय फुकट मिळते. यांपैकी एकेका गोष्टीत गैर असे काही नाही. परंतु त्या साऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: माणसाने आधी ठरवलेले त्याने तिथे पुन्हा ठरवायला घ्यावे. आपल्या धर्मपरंपरेत विवेकाला सर्व सद्गुणांचा सारथी म्हटले जाते. पुढ्यात मोह उभा असताना विवेक जागा ठेवण्याचे सामर्थ्य माझ्यासारख्या सामान्य माणसात किती असते, याविषयी मी फारसा आशावादी नाही. म्हणूनच मोहापासून हजारो मैल दूर, आमटीचा वास दरवळत असताना, काय करायचे ते ठरवून टाकणे मला शहाणपणाचे वाटते. सहलीचा आराखडा म्हणजे माझ्या लेखी नुसते वेळापत्रक नव्हते.

आराखड्याचा बाकीचा भाग सोपा होता. शनिवार-रविवारच्या मानाने आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या पुष्कळ स्वस्त असतात, मोठी व्यापारी संमेलने असतील ते आठवडे सोडून. खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' नावाची वेगळी रक्कम रोज आकारली जाते; मे २०२५ पासून ती एकूण भाड्यात मिळवूनच दाखवावी असा अमेरिकेत नियम झाला आहे, तरी वाचून घ्यावे. बेलाजिओ हॉटेलसमोरच्या तलावातील संगीतावर नाचणारी कारंजी फुकट पाहता येतात आणि त्याच हॉटेलातील ऋतूंप्रमाणे सजणारी पुष्पवाटिकाही. सौ. तिथे दीड तास रमली. मिराज हॉटेलपुढचा कृत्रिम ज्वालामुखी जुन्या मार्गदर्शिकांत आढळतो; ते हॉटेल जुलै २०२४ मध्ये बंद झाले. पश्चिमेला पाऊण तासाच्या आत रेड रॉक कॅनियनचे तांबडे डोंगर आहेत. ऑक्टोबर ते मे या काळात तिथे मोटारीने जायचे तर वेळ आधी राखून ठेवावी लागते. आग्नेयेला पन्नास किलोमीटरवर ते हूवर धरण, २२१ मीटर उंच. धरणाच्या कठड्यावर उभा राहिलो तेव्हा मला वाटले, की केवळ याच्यासाठीही आलो असतो.

मात्र भाच्याचे ते वाक्य अजून मिटलेले नव्हते. आपण खेळायचे नाही, नुसते बघायचे. पण जे बघायचे ते उभे कोणाच्या पैशावर?

जुन्या काळी याचे उत्तर उघड होते. १९४१ साली या सडकेवर एल रँचो व्हेगास हे पहिले मोठे हॉटेल उभे राहिले. त्या दशकात तिथे एका डॉलरात पोटभर जेवण रात्रंदिवस मिळत असे. गिऱ्हाईक जेवायला उठून बाहेर जाऊ नये म्हणून ही सोय. जेवणात मालकाला तोटा व्हायचा, तो टेबलावर भरून निघायचा. म्हणजे न खेळणारा पाहुणा जो स्वस्त घास खात होता, त्याची उरलेली किंमत शेजारच्या दालनात कोणी तरी हरत होता. त्या काळी आम्ही गेलो असतो, तर आमचे हात स्वच्छ होते असे छातीठोकपणे म्हणणे मला जमले नसते.

आज चित्र पालटले आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, जेवण, करमणुकीचे कार्यक्रम आणि खरेदी यांतून येते. स्वस्त जेवणाचे दिवस गेले. न खेळणारा आता आपली किंमत आपणच चुकवतो, आणि चांगली खणखणीत चुकवतो. हे कळल्यावर मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. भाच्याला तर आपण खटला जिंकल्याचा आनंद झाला. पण त्याच संध्याकाळी आम्ही दूध आणि केळी आणायला गावातल्या एका वस्तीतल्या किराणा दुकानात गेलो. दाराशीच जुगाराची यंत्रे होती. नेवाडात दुकानांतून, पेट्रोलपंपांवर, इतकेच काय विमानतळावरही ती असतात. एक वृद्ध बाई यंत्रापुढे बसल्या होत्या. सामानाची पिशवी पायाशी, तीत दुधाचा डबा. आम्ही आत जाऊन, खरेदी करून, पैसे देण्याच्या रांगेत उभे राहून परतलो, तोवर बाईंनी मान वळवली नव्हती. यंत्राने मध्येच संगीत वाजवले, काही तरी जिंकल्याची खूण. बाईंच्या चेहऱ्यावर आनंदाची रेषाही उमटली नाही. बटण पुन्हा दाबले गेले.

नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासमधील अशा यंत्रांचा आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्यांचा कित्येक वर्षे अभ्यास केला. 'अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन' हा त्यांचा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याशी बोललेल्या अनेक नादिष्टांनी सांगितले, की ते जिंकण्यासाठी खेळत नाहीत. खेळत राहता यावे म्हणून खेळतात. जिथे वेळ, पैसा, देह, घरची काळजी यांची जाणीवच उरत नाही, अशी ती एक अवस्था असते. मला बंधूंचा प्रश्न आठवला. सदरा जाऊनही जे उठत नाहीत, त्यांचे चरित्र कोण लिहितो?

काही राज्यकर्त्यांनी यावर एक तोड काढली आहे. मोनॅकोच्या प्रसिद्ध जुगारगृहांत मोनॅकोच्या नागरिकांनाच खेळण्यास मनाई आहे. गोव्यातही फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेशबंदी जाहीर झाली. बाहेरच्यांनी यावे, हरावे, पैसा ठेवून जावे. आपली माणसे सांभाळली म्हणजे झाले. जे विष आपण घरच्यांपासून दूर ठेवतो, ते विष आहे हे आपणास ठाऊक आहे, याची ही कबुलीच नव्हे काय? आपल्या महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. आमच्या सरकारांच्या दिरंगाईचे मी आयुष्यात केलेले हे पहिलेच कौतुक असावे.

तिसरा दिवस रविवार होता. स्ट्रिपच्या अगदी लगत 'गार्डियन एंजल' म्हणजे रक्षक दूताचे कॅथीड्रल आहे. पॉल विल्यम्स या नामवंत कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराने रचलेले हे मंदिर १९६३ साली उघडले. जागा दान केली होती मो डॅलिट्झ यांनी. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या धंद्यातून वर येऊन पुढे कॅसिनोचे मालक झालेले हे गृहस्थ. १९९५ साली लास व्हेगास स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि मे २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा दिला. मंदिरातील एका रंगीत काचेच्या खिडकीत कॅसिनो-हॉटेलांच्या इमारती आहेत, हे पाहून सौ.ने माझ्याकडे पाहिले. मिस्सेत दानाची थैली फिरली, तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतून तीत एक लाल चकती पडली. तिथे हे नित्याचे आहे. चर्च त्या चकत्या गोळा करून कॅसिनोत वटवून घेते.

मंदिराने असे दान घ्यावे काय? मत्तयच्या शुभवर्तमानात यहूदा तीस नाणी मंदिरात फेकून निघून जातो. महायाजक ती उचलतात, पण रक्ताचे मोल म्हणून भांडारात टाकीत नाहीत. त्यातून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतात. किती काटेकोर माणसे! ज्यांनी ती नाणी मोजून दिली होती, तीच ती परत घेताना विटाळ मानीत होती. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दिवशी प्रथमच मला त्यात माझा चेहरा दिसला. चार महिने मी एकाच चिंतेत होतो: आपल्या हातांना डाग लागू नये. त्या चिंतेच्या भरात त्या शहरातल्या माणसांकडे पाहायचे राहूनच गेले होते.

आणि माणसे तर सर्वत्र होती. आमची खोली झाडणारी बाई फिलिपाइन्सची होती. गळ्यात जपमाळेचा छोटा क्रूस. तिथल्या हॉटेलांतील खोल्या झाडणारे, स्वयंपाकी, वाढपी यांची 'कलिनरी युनियन' ही मोठी संघटना आहे. सुमारे साठ हजार सभासद. फ्रंटियर या हॉटेलातील साडेपाचशेच्या सुमारास कामगार सप्टेंबर १९९१ मध्ये संपावर गेले आणि जानेवारी १९९८ च्या अखेरीस, सहा वर्षे चार महिन्यांनी, तो संप यशस्वी होऊन मिटला. त्या काळात त्यांच्यातील एकही जण संप फोडून आत गेला नाही. कामगारांच्या हक्कांविषयीच्या 'रेरुम नोव्हारुम' या पोपपत्राची शताब्दी नेमकी १९९१ साली होती. आम्ही इकडे सभागृहात परिसंवाद घेतले होते.

आपल्याकडे बक्षिशी म्हणजे मोठेपणाची खूण. तिथे ती कष्टकऱ्याच्या मिळकतीचाच भाग आहे, आणि आम्हा भारतीय पाहुण्यांचा हात या बाबतीत आखडता असतो हे भाच्याने जरा लाजतच सांगितले. माझ्या आराखड्यात जुगाराचे पाकीट होते, बक्षिशीचे नव्हते. चार महिने नीतीचा खल करणाऱ्या माणसाच्या वहीत ही रकमेची ओळच नव्हती, हे मला झोंबले. भाच्याच्या सल्ल्याने मग आम्ही रोज सकाळी उशीवर पाच डॉलर ठेवू लागलो. पहिल्या दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी दहा ठेवून भरून काढली. आता कोणी मला तिकडच्या सहलीविषयी विचारले, तर मी प्रथम हेच सांगतो, कारंजी मागाहून.

राहता राहिले ते आमचे वीस-वीस डॉलर. माझे रूलेच्या टेबलावर सात मिनिटांत संपले, गणिताला साजेल असे. सौ.ने निघण्याच्या आदल्या रात्री एका यंत्रात वीसची नोट घातली, दोन-चारदा बटण दाबले आणि एकाएकी पडद्यावर त्रेचाळीस हा आकडा आला. "आता थांबायचं का?" तिने विचारले. "तू ठरव," मी म्हणालो. तिने चिठ्ठी काढून घेतली, वटवली, आपले वीस पर्समध्ये टाकले आणि उरलेले तेवीस वेगळ्या पाकिटात घातले. "हे आपले नाहीत," ती म्हणाली. "कुणी तरी हरलेले आहेत हे."

भाचा म्हणाला, आइस्क्रीम खाऊ. मी म्हणालो, सकाळी वाटेत कॅथीड्रलच्या दानपेटीत टाकू. सौ.ला दोन्ही पटले नाही. दानपेटीत टाकायचे तर आपले टाकावे, दुसऱ्याचे हरलेले नव्हे, असे तिचे म्हणणे. खोली झाडणाऱ्या बाईंसाठी ठेवावेत, तर तेही तिला तसेच वाटले. त्यांना द्यायचे ते आपल्या पैशातले. बंधूंचे मत फोनवरून आले: व्यसनी लोकांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला पाठवा. सौ. त्यावर काहीच बोलली नाही, आणि ती गप्प बसली म्हणजे तिला पटले असे समजण्याची चूक मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सोडून दिली आहे. पाकीट आमच्या कपाटात आहे, प्रार्थनापुस्तकाच्या मागे. वीसची एक नोट आणि एकेकाच्या तीन. भाचा डिसेंबरात सुटीवर येणार आहे. ते परत त्याच्यासोबत पाठवावे आणि त्या किराणा दुकानाशेजारच्या वस्तीत कोणाला तरी द्यावे, असा विचार सध्या घरात चालू आहे. पण कोणाला, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.